शेतीचे मोबाइल ॲप बांधावर कसे तपासून घ्यावे?

नवे वाण आले की आपण ते आधी पाच-दहा गुंठ्यांवर लावून बघतो. उगवण कशी होते, फुटवे किती येतात, आपल्या रानाला मानवते का, हे पाहूनच पुढच्या वर्षी एकरभर करतो. मोबाइल ॲपच्या बाबतीत मात्र ही सवय सुटते. कोणीतरी लिंक पाठवतो, आपण ॲप घेतो आणि पहिल्याच दिवशी त्याच्या भरवशावर फवारणी, पेरणी किंवा पिकाची नोंद करायला निघतो. ॲप बनवणाऱ्याने ते कार्यालयात, पंख्याखाली, वेगवान इंटरनेटवर आणि नव्या फोनवर चालवून पाहिलेले असते. तुमच्याकडे चार वर्षांचा फोन असतो, काचेला तडा गेलेला असतो, डोक्यावर दुपारचे ऊन असते आणि ओढ्याच्या बाजूला गेले की रेंज जाते. म्हणून ॲपचीही चाचणी आपल्याच रानात घ्यावी.

या लेखातील उदाहरणे मोरगाव, सुपे परिसर आणि बारामती-इंदापूर तालुक्यांच्या बागायती भागातील आहेत. एकाच तालुक्यात परिस्थिती किती वेगळी असू शकते हे इथे चांगले दिसते. कऱ्हा नदीच्या दोन्ही अंगांना बाजरी-ज्वारीचे हलके जिरायत रान आहे, तर नीरा डाव्या कालव्याखाली आणि उजनीच्या फुगवट्याच्या बाजूला ऊस, डाळिंब, द्राक्ष आणि भारी जमिनी. एका ठिकाणी बरोबर चाललेले ॲप दुसऱ्या ठिकाणी चालेलच असे नाही.

सगळ्यात आधी ई-पीक पाहणी

ॲप नीट न चालल्याने थेट पैशांचे नुकसान होऊ शकते असे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद करायची पद्धत सुरू झाली. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश ॲपमध्ये घालण्यात आले, त्यामुळे फोटो काढताना आपण मध्यबिंदूपासून किती लांब उभे आहोत हे दिसू लागले. मिश्र पिकात एक मुख्य आणि तीन दुय्यम पिके नोंदवण्याची आणि ४८ तासांत स्वतः दुरुस्ती करण्याची सोयही त्याच वेळी आली. पुढे केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हे पद्धतीचे, म्हणजे ‘डीसीएस’ ॲप आले. ते २०२४ च्या खरिपात निवडक तालुक्यांत आणि त्यानंतरच्या रब्बीत राज्यभर वापरात आले. त्यात शेताच्या ५० मीटर अंतराच्या आत उभे राहून पिकाचे फोटो काढावे लागतात.

ही नोंद राहिली तर काय होते, हे कांदा उत्पादकांना २०२३ मध्ये चांगले समजले. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, असे अनुदान जाहीर झाले. त्यासाठी सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी होती. अनेकांच्या रानात कांदा होता, बाजार समितीची पट्टी हातात होती, पण नोंद नव्हती. पुढे गावपातळीवर समितीमार्फत पडताळणी करून मार्ग काढावा लागला. दर वेळी असा मार्ग निघेल या भरवशावर राहू नये. पीकविमा, हमीभावाने खरेदी, पीककर्ज, अतिवृष्टीची मदत या सगळ्यांत ही नोंद पाहिली जाते.

त्यामुळे ई-पीक पाहणीची चाचणी मुदतीच्या पहिल्या आठवड्यातच करा. शेवटच्या दोन दिवसांत राज्यभरातून एकाच वेळी माहिती जात असल्याने ॲप अडखळते. मोरगावकरांसाठी आणखी एक गोष्ट आहे. खरिपाच्या नोंदणीची मुदत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येते आणि भाद्रपदी यात्राही त्याच सुमारास असते. चतुर्थीच्या आसपास मयूरेश्वराच्या दर्शनाला लोटणाऱ्या गर्दीत एका टॉवरवर इतके फोन येतात की फोनवर रेंजच्या चार काड्या दिसतात, पण फोटो काही जात नाही. काड्या म्हणजे टॉवरचा संकेत किती जोरात येतो आहे एवढेच. त्या टॉवरवर तुमच्या वाट्याला किती जागा उरली आहे, हे त्यावरून कळत नाही. यात्रेच्या दिवसांत फोटो पाठवायचेच असतील तर पहाटे किंवा रात्री उशिरा पाठवा.

रेंज नसताना काय होते ते मुद्दाम पाहा

ही चाचणी घरबसल्या होते आणि पाच मिनिटांत होते. ॲप उघडा, एखादी नोंद भरायला घ्या आणि मध्येच फोन फ्लाइट मोडवर टाका. आता ॲप काय करते ते बघा. चांगले ॲप सांगते की इंटरनेट नाही, माहिती फोनमध्ये साठवली आहे, नंतर पाठवा. मध्यम ॲप नुसतेच गोल फिरत बसते. वाईट ॲप ‘यशस्वी’ असे दाखवते आणि माहिती कुठेच गेलेली नसते. हा तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा, कारण शेतकरी निश्चिंत होऊन घरी जातो.

मग फोन पूर्ण बंद करून चालू करा आणि फ्लाइट मोड तसाच ठेवून ॲप उघडा. अर्धवट भरलेली नोंद दिसते का? दिसली तर ओढ्याकाठच्या रानात माहिती भरून गावात येऊन पाठवता येईल. दिसली नाही तर त्या ॲपसाठी रेंजच्या जागीच काम करावे लागेल, आणि फोटो शेतातूनच काढायची अट असेल तर आधी कोणत्या बांधावर कोणत्या कंपनीची रेंज मिळते हे माहीत करून घ्यावे लागेल. घरात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असतील तर दोन्ही घेऊन एकदा शिवारफेरी मारा. चढावर कुठे मिळते, विहिरीजवळ कुठे जाते, हे एकदा समजले की कायमचे कामी येते.

माहिती साठवणाऱ्या ॲपमध्येही एक खोच असते. साठवलेली नोंद आपोआप जाते की ‘अपलोड’ बटण स्वतः दाबावे लागते, हे तपासा. बरेच जण नोंद भरतात, अपलोड करायचे राहते आणि महिन्याने सातबारा पाहिल्यावर पिकाचा रकाना कोरा दिसतो. नोंद पाठवल्यावर ॲपमधील गावाची पीक पाहणी यादी उघडून आपल्या गटापुढे पीक आले का ते पाहा. ते दिसेपर्यंत काम झाले असे समजू नका.

जीपीएस: पाच मीटर, पन्नास मीटर आणि चुकीचे गाव

जीपीएसला इंटरनेट लागत नाही. ते उपग्रहाकडून थेट संकेत घेते. मात्र इंटरनेट असले की फोन उपग्रहांची माहिती पटकन आणून जागा चटकन सांगतो. ते नसेल तर ही माहिती उपग्रहाकडूनच हळूहळू घ्यावी लागते. एका उपग्रहाची स्वतःची माहिती यायला सुमारे ३० सेकंद लागतात, आणि सर्व उपग्रहांचे पूर्ण वेळापत्रक यायला साडेबारा मिनिटे. म्हणून बिनरेंजच्या रानात फोन ‘जागा शोधत आहे’ म्हणून अडला तर लगेच ॲप बंद करू नका. मोकळ्या आभाळाखाली उभे राहून थोडे थांबा. पत्र्याच्या शेडखाली, आंब्याच्या झाडाखाली किंवा उंच उसाच्या सरीत उभे राहून जागा शोधू नका. मोकळ्या रानात साध्या फोनची चूक साधारण पाच मीटरच्या आसपास असते, झाडीत आणि इमारतींजवळ ती वाढते.

तुमच्या गटाची चाचणी अशी करा. शेताच्या चारही कोपऱ्यांवर आणि मधोमध उभे राहून ॲप किती अंतर दाखवते ते वहीत लिहा. प्रत्येक जागी दोन मिनिटे थांबा, कारण पहिला आकडा नेहमी कच्चा असतो. मधोमध उभे असताना ॲप तुम्हाला शेताबाहेर दाखवत असेल तर दोष फोनचा असेलच असे नाही. गावचे नकाशे जुन्या मोजणीचे आहेत आणि उपग्रह नकाशावर बसवताना ते सरकू शकतात. शेजाऱ्याचा फोन घेऊन त्याच जागी पाहा. दोन्ही फोन एकाच दिशेला तेवढेच अंतर दाखवत असतील तर नकाशा सरकलेला आहे. दोघांत फरक असेल तर फोनचा प्रश्न आहे. नकाशा सरकलेला असल्यास ॲपशी झगडत बसू नका. स्क्रीनशॉट काढून ग्राम महसूल अधिकाऱ्यांना (पूर्वीचे तलाठी) दाखवा.

हवामान किंवा सल्ल्याच्या ॲपमध्ये गावाचे नाव टाइप करून शेत निवडायची सोय असते. तिथे ‘मोरगाव’ एवढेच लिहिले तर काय येते ते पाहा. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुका आहे आणि तो भातपट्टा आहे. ॲपने ते मोरगाव धरले तर तुम्हाला बाजरीच्या रानात भाताच्या पुनर्लागणीचा सल्ला येईल. हे पटकन ओळखू येते, पण पावसाचा अंदाज चुकीच्या गावाचा आला तर ओळखू येत नाही. आपले मोरगाव साधारण १८.२८ उत्तर अक्षांश आणि ७४.३२ पूर्व रेखांशावर आहे. ॲप जे आकडे दाखवते ते याच्या जवळ आहेत का ते बघा. दशांशानंतर दोनच आकडे असतील तर जागा एक किलोमीटरभर इकडेतिकडे होऊ शकते. हवामानाला ते चालते. शेताची हद्द आखायची असेल तर पाच आकडे हवेत, म्हणजे फरक मीटरभराचा उरतो.

फोटोवरून रोग ओळखणारी ॲप

पानाचा फोटो काढा, रोग ओळखा, औषध मिळवा, अशी ॲप आता बरीच आहेत. त्यांच्या जाहिरातीत ‘९५ टक्के अचूक’, ‘९९ टक्के अचूक’ असे आकडे असतात. हे आकडे खोटे असतातच असे नाही, पण ते कुठे मोजले हे विचारावे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात १४ पिकांच्या आणि २६ रोगांच्या ५४,३०६ फोटोंवर संगणकाला शिकवले गेले. त्याच संग्रहातील बाजूला ठेवलेल्या फोटोंवर त्याने ९९.३५ टक्के अचूक ओळख केली. तेच वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर चालवले तेव्हा अचूकता सुमारे ३१ टक्क्यांवर आली. कारण सरळ आहे. शिकवताना वापरलेले पान तोडून, एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेले होते. रानात पानामागे दुसरी पाने, माती, तण, मजुराचा हात आणि सावली असते. त्यानंतर तंत्र बरेच सुधारले आहे, पण कार्यशाळा आणि बांध यांतला हा फरक अजून संपलेला नाही.

तपासणी अशा रोगावर करा जो तुम्हाला आधीच खात्रीने ओळखता येतो. डाळिंबाच्या बागेत तेल्याचे फळ असेल, बाजरीत गोसावी असेल, उसावर तांबेरा असेल, तर त्याचे फोटो सकाळी आठला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला काढा. एकदा उन्हात, एकदा स्वतःच्या अंगाच्या सावलीत. एकदा जवळून, एकदा हातभर अंतरावरून. मग निरोगी पानाचाही फोटो द्या, ही पायरी बहुतेक जण विसरतात. निरोगी पानाला रोग सांगणारे ॲप तुमचा फवारणीचा खर्च वाढवणार. आणि शेवटी बांधावरच्या तणाचा किंवा नुसत्या मातीचा फोटो द्या. ॲपने ‘ओळखता येत नाही’ असे म्हटले तर त्याच्यावर थोडा विश्वास ठेवायला हरकत नाही. मातीच्या फोटोलाही करपा सांगणारे ॲप काढून टाका.

आपल्या भागात एक ठरलेली फसगत होते. चुनखडीच्या जमिनीत लोह पिकाला उपलब्ध होत नाही आणि उसाची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी-पांढरी पडतात. याला शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतात. बाजरी-ज्वारीवर मात्र ‘केवडा’ म्हणजे बुरशीजन्य रोग. एकच शब्द, पण एका ठिकाणी उपाय अन्नद्रव्याचा आणि दुसऱ्या ठिकाणी रोगाचा. मराठीत प्रश्न विचारता येणाऱ्या कोणत्याही ॲपला, त्यात कृषी विभागाने २०२५ च्या खरिपाआधी आणलेले ‘महाविस्तार’ही आले, हा प्रश्न विचारून पाहा: “उसावर केवडा पडला आहे, काय करू?” उत्तरात लोहाचा उल्लेख आला तर ॲपला आपली भाषा कळते. बुरशीनाशक सांगितले तर त्याच्याशी पुढे बोलताना पिकाची लक्षणे सविस्तर सांगावी लागतील. तसेच ‘सुरू ऊस’ हा शब्द बोलून बघा. काही ॲप ‘सुरू’ म्हणजे ‘चालू करणे’ असे समजतात. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांचे खताचे वेळापत्रक वेगळे असते. ॲप ते वेगळे धरत नसेल तर त्याच्या खतसल्ल्याचा उपयोग नाही.

बोलून प्रश्न विचारायची सोय विहिरीवर मोटर चालू असताना, वारा सुटलेला असताना आणि घरातल्या आजींच्या आवाजात तपासा. शांत खोलीत सगळीच ॲप हुशार असतात.

कोणत्याही ॲपने सांगितलेले कीडनाशक डब्याच्या लेबलवर त्या पिकासाठी आणि त्या किडीसाठी लिहिलेले आहे का, हे पाहिल्याशिवाय टाकीत ओतू नये. मात्रा आणि काढणीपूर्व कालावधीही लेबलवरचाच धरावा.

पावसाचा अंदाज महिनाभर मोजा

हवामान ॲपबद्दल गावात दोनच मते असतात: ‘एकदम बरोबर’ किंवा ‘सगळे खोटे’. मोजत कोणी नाही. मोजणे अवघड नाही. सरळ भिंतीचा, तळ सपाट असलेला डबा किंवा प्लॅस्टिकचे पर्जन्यमापक मोकळ्या जागी, झाडा-भिंतीपासून लांब ठेवा. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजा. आदल्या दिवशी ॲपने काय सांगितले होते ते शेजारच्या रकान्यात लिहा. २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस धरा, हवामान खातेही तेच धरते.

समजा, ३० दिवसांत ॲपने १२ वेळा पाऊस सांगितला. त्यांतल्या ५ दिवशी तो झाला, ७ दिवशी नाही. उरलेल्या १८ दिवसांत ‘पाऊस नाही’ सांगितले होते, पण त्यांतल्या २ दिवशी झाला. म्हणजे ३० पैकी २१ दिवस ॲप बरोबर, ७० टक्के. आकडा बरा वाटतो. आता हे पाहा: त्या महिन्यात पावसाचे दिवस एकूण ७ होते. रोज डोळे मिटून ‘पाऊस नाही’ म्हणणारा माणूस ३० पैकी २३ दिवस बरोबर ठरला असता. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या भागात ‘किती टक्के बरोबर’ हा आकडा असा फसवतो. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या मोजा. खरोखर पडलेल्या पावसांपैकी किती आधी सांगितले, इथे ७ पैकी ५. आणि सांगितलेल्यांपैकी किती खोटे निघाले, इथे १२ पैकी ७. पहिला आकडा काढणीच्या वेळी आणि उघड्यावर कांदा असताना महत्त्वाचा. दुसरा आकडा पेरणीच्या वेळी, कारण खोट्या पावसाच्या भरवशावर धूळपेर केली तर दुबार पेरणीचा खर्च पदरी पडतो.

शासनाच्या ‘मेघदूत’ ॲपमधील जिल्हानिहाय कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी बदलतो. बुधवारी उघडून ‘कालचाच सल्ला दिसतो’ म्हणून ॲपला दोष देऊ नका. दुसरे म्हणजे तो सल्ला जिल्ह्यासाठी असतो. पुणे जिल्ह्यात मावळही येतो आणि इंदापूरही, आणि या दोघांच्या पावसात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मंडळ पातळीवरील स्वयंचलित केंद्राचा पाऊस आणि तुमच्या डब्यातला पाऊस यांतही वळवाच्या दिवसांत मोठा फरक येतो. सुप्यात झोडपून काढतो आणि मोरगावात धूळ उडत असते.

विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने तयार केले आहे. ते तुमच्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातील विजा दाखवते. याची तपासणी एकच: फोनमध्ये लोकेशन चालू आहे का, ॲपला सूचना पाठवायची परवानगी आहे का, आणि बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये फोन त्याला पाठीमागून बंद तर करत नाही ना. अनेक फोन बॅटरी वाचवण्यासाठी अशी ॲप गुपचूप झोपवतात. पण ढग गडगडायला लागले असताना ॲपमध्ये काही दिसत नाही म्हणून रानात थांबू नका. रेंज नसेल तर इशारा येणारच नाही.

उन्हात फोनच आजारी पडतो

बहुतेक फोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरायला बनवलेले असतात. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे पारा त्याच्या वर जातो, आणि काळ्या काचेचा फोन उन्हात ठेवला तर हवेपेक्षाही जास्त तापतो. तेव्हा स्क्रीन आपोआप अंधुक होते, कॅमेरा बंद पडतो, चार्जिंग थांबते. हे बिघाड नाहीत, फोन स्वतःला वाचवत असतो. ॲप उन्हाळ्यात वापरायचे असेल तर चाचणीही दुपारी दोनला करा: उन्हात अक्षरे वाचता येतात का, बटणे अंगठ्याने दाबण्याएवढी मोठी आहेत का, तासाभरात बॅटरी किती उतरते. ओल्या बोटांनी आणि फवारणीच्या हातमोज्यांनी स्क्रीन नीट चालत नाही. म्हणून औषधाचे प्रमाण आधी कागदावर लिहून घ्या आणि फवारणी चालू असताना फोन लांब ठेवा.

आकडे कसे स्वीकारते

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असते, आपण एकर-गुंठ्यात बोलतो. ०.४० हेक्टर म्हणजे ४० आर, म्हणजे जवळपास एक एकर. ॲपमध्ये हेक्टरच्या रकान्यात ४० लिहिले तर ते अडवते का, की शंभर एकरांचा सल्ला देऊन मोकळे होते? मुद्दाम चुकीचा आकडा घालून पाहा. ०.४० असे मराठी अंकांत लिहिल्यावर ॲप स्वीकारते का तेही तपासा. काही ॲप फक्त इंग्रजी अंक घेतात आणि मराठी अंक लिहिले की काही न सांगता शून्य धरतात.

खताच्या हिशेबासाठी ज्याचे उत्तर तुम्हाला माहीत आहे असे गणित द्या. हेक्टरी ५० किलो नत्राची शिफारस असेल आणि ते सगळे युरियातून द्यायचे असेल, तर युरियात ४६ टक्के नत्र असल्याने हेक्टरी सुमारे १०९ किलो आणि एकरी ४४ किलो युरिया लागतो, म्हणजे ४५ किलोची जवळपास एक गोणी. ॲपने एकरी अडीच गोण्या सांगितल्या तर हेक्टर आणि एकर यांची गल्लत झाली आहे.

उपग्रह आणि सेन्सरवर चालणारा सल्ला

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केल्यापासून या भागात उपग्रह, हवामान केंद्र आणि माती सेन्सर यांवर आधारित सल्ल्याची चर्चा वाढली आहे. अशा सेवा घेताना काही मर्यादा माहीत असाव्यात. मोफत मिळणाऱ्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातील एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एका गुंठ्याएवढा असतो. एकरभर उसात असे ४० ठिपके बसतात आणि बांधावरचे ठिपके अर्धे तुमचे, अर्धे शेजाऱ्याचे असतात. दहा गुंठ्यांच्या वावरात उपयोगाचे ठिपके दोन-चारच उरतात. हा उपग्रह दर पाच दिवसांनी येतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे कित्येक फेऱ्या वाया जातात. ॲप दाखवत असलेल्या चित्राची तारीख पाहा. तारीखच दाखवत नसेल तर विचारा.

ओलाव्याचा सेन्सर पाणी देण्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तपासा. गिरमिटाने त्याच खोलीची माती काढून मुठीत दाबा. ॲप ‘पाणी द्या’ म्हणते आणि मातीचा गोळा होतो, असे दोनदा घडले तर सेन्सर नीट बसलेला नाही किंवा तुमच्या जमिनीसाठी जुळवून घेतलेला नाही. भारी काळ्या रानात भेगा पडल्या की सेन्सरभोवती हवा शिरते आणि तो माती कोरडी सांगतो. क्षारपड रानात उलटे होते, क्षारांमुळे बरेच स्वस्त सेन्सर ओल जास्त दाखवतात.

कृषी विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावात नवे ॲप सांगण्यापूर्वी पाच-सहा जणांकडून ते वापरून घ्या. यात तरुणच नकोत. एक जण चष्मा लावणारा, एक महिला शेतकरी, एक मुलाचा जुना फोन वापरणारा आणि एक रेंज नसलेल्या वस्तीवरचा असावा. त्यांना काम सांगा, उदाहरणार्थ ‘तुमच्या गटात बाजरी आणि तूर नोंदवा’, आणि मग गप्प राहा. इथे बोट दाबा, तिथे दाबा असे सांगायला लागलात की चाचणी संपली. ते कुठे अडतात, कोणता शब्द वाचून थांबतात, ओटीपी यायला किती वेळ लागतो, हे टिपून घ्या. पडीक, मिश्र पीक, फळबागेतील आंतरपीक अशी वेगळी प्रकरणे मुद्दाम घ्या. सरळ एका पिकाच्या गटात सगळी ॲप पास होतात.

ॲप कोणत्या परवानग्या मागते तेही बघा. पाऊस सांगणाऱ्या ॲपला लोकेशन लागेल, तुमचे एसएमएस आणि फोनबुक लागायचे कारण नाही. शासकीय योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी ‘एपीके’ फाइल चाचणीसाठीसुद्धा उघडू नये. अशा फाइलमधून ओटीपी चोरून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार घडले आहेत. ॲप प्ले स्टोअरवरून किंवा खात्याच्या संकेतस्थळावरच्या लिंकवरूनच घ्यावे.

तक्रार कळवताना ‘ॲप चालत नाही’ एवढे लिहून उपयोग नाही, त्यावरून कोणालाच काही शोधता येत नाही. तारीख, वेळ, गाव आणि गट क्रमांक, फोनची कंपनी व मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, सिमकार्ड कोणत्या कंपनीचे, नेमके कोणते बटण दाबले, त्यानंतर काय दिसले, आणि स्क्रीनशॉट. तीच चूक दुसऱ्या फोनवरही आली का, हेही लिहा. पीक नोंदणीच्या बाबतीत मुदतीच्या आत अशी लेखी तक्रार आणि तारखेसह फोटो हाताशी असेल, तर ग्राम महसूल अधिकारी किंवा गावासाठी नेमलेल्या सहायकाकडे जाऊन राहिलेली नोंद करून घेणे सोपे जाते. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या गटांची पाहणी सहायक करतात. त्यांना फोन करून तुमच्या गटावर केव्हा येणार ते विचारा आणि त्या दिवशी पीक काढून टाकलेले नसेल याची काळजी घ्या.